विश्लेषण : रंग बदलला, वायू आला, नळी तापली… पण अभिक्रिया कोणत्या प्रकारची?

दहावीच्या प्रात्यक्षिक वहीत ‘निरीक्षण’ नावाचा एक रकाना असतो. अनेकदा तो प्रयोग होण्याआधीच भरलेला असतो. ‘निळा रंग फिका झाला’, ‘पांढरा अवक्षेप तयार झाला’, ‘उष्णता बाहेर पडली’ ही वाक्ये मागच्या वर्षीच्या वहीतून या वर्षीच्या वहीत येतात. रासायनिक अभिक्रियांचे चार प्रकार विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. पण समोरच्या परीक्षानळीत काय घडते आहे, ते पाहून प्रकार ओळखायला सांगितले की गोंधळ उडतो. पनवेल तालुक्यातील कोनसारख्या गावात, जिथून रसायनीकडे जाणारा रस्ता फुटतो, हा गोंधळ केवळ गुणांपुरता राहत नाही. अभिक्रिया पाहायची कशी, तिचा प्रकार ठरवायचा कसा आणि या वर्गीकरणाचा शाळेबाहेर उपयोग काय, याचा हा आढावा.

कोनमध्ये हा विषय महत्त्वाचा का?

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर पळस्पे ओलांडले की कोन लागते. गिरणी कामगारांच्या घरांमुळे हे नाव अलीकडे राज्यभर पोहोचले. येथून कोन-सावळे रस्ता रसायनीकडे जातो. रसायन उद्योगामुळे ज्या परिसराला नावच ‘रसायनी’ पडले, असे हे पाताळगंगेच्या काठचे ठिकाण. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स अर्थात ‘एचओसी’ ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. पुढे पाताळगंगा औद्योगिक वसाहत वाढली.

त्यामुळे या भागातील मुलांसाठी रसायनशास्त्र हा पुस्तकातला दूरचा विषय नाही. रसायनांचे टँकर रोज डोळ्यांसमोरून जातात. घरातले कोणी ना कोणी कारखान्यात कामाला असते. टँकरमागे लावलेल्या चौकटीवरील चिन्हाचा अर्थ कळणे आणि शाळेत अभिक्रियेचा प्रकार ओळखता येणे या दोन गोष्टींमागे एकच सवय असते. आधी नीट पाहायचे आणि नाव नंतर द्यायचे.

चार प्रकार कोणते?

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ विषयाच्या पहिल्या भागात ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हा धडा आहे. त्यात चार मुख्य प्रकार येतात.

संयोग अभिक्रिया : दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र येऊन एकच नवा पदार्थ तयार होतो.

अपघटन अभिक्रिया : एकाच पदार्थापासून दोन किंवा अधिक पदार्थ तयार होतात.

विस्थापन अभिक्रिया : अधिक क्रियाशील मूलद्रव्य कमी क्रियाशील मूलद्रव्याला त्याच्या संयुगातून बाहेर काढते आणि त्याची जागा घेते.

दुहेरी विस्थापन अभिक्रिया : दोन संयुगे आपापल्या आयनांची अदलाबदल करतात. बहुतेक वेळा न विरघळणारा पदार्थ, म्हणजे अवक्षेप, तळाशी बसतो.

हे प्रकार ‘कोण कोणाला जोडले गेले, कोण सुटले’ यावर ठरतात. अडचण इथेच आहे. अणूंची ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती फक्त चिन्हे : रंग, वायू, वास, अवक्षेप आणि तापमान. या चिन्हांपासून प्रकारापर्यंत जाण्यासाठी मध्ये विचाराची एक पायरी असते. वही नकलून काढली की नेमकी तीच पायरी गळते.

सीबीएसईच्या दहावीच्या प्रात्यक्षिकांत यासाठी चार प्रयोग दिले आहेत : कळीच्या चुन्यावर पाणी टाकणे, फेरस सल्फेटचे स्फटिक तापवणे, कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळे ठेवणे आणि सोडियम सल्फेट व बेरियम क्लोराइडची द्रावणे मिसळणे. राज्य मंडळाच्या शाळांतही हेच किंवा याच धर्तीचे प्रयोग होतात. ते एकेक करून पाहू.

चुना तापतो, पण नेहमी का तापत नाही?

कळीच्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइडचा खडा बशीत ठेवून त्यावर थोडे पाणी टाकले की क्षणभर काहीच होत नाही. मग खडा चिरकू लागतो, फुगतो, ‘सुस्स’ आवाज येतो, वाफ निघते आणि शेवटी पांढरी भुकटी उरते. हा झाला विरलेला चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. दोन पदार्थ गेले, एक आला. म्हणून ही संयोग अभिक्रिया. वस्तुमानाचा हिशेबही नेमका जुळतो : ५६ ग्रॅम चुना आणि १८ ग्रॅम पाणी मिळून ७४ ग्रॅम विरलेला चुना तयार होतो. वाफ होऊन उडून गेलेले जादा पाणी यात धरायचे नाही.

कोकणात मात्र एक गंमत होते. जुलै महिन्यात, नीट बंद न केलेल्या बरणीतला चुना घेतला तर त्यावर कितीही पाणी टाका, तो गरम होत नाही. कारण पावसाळी हवेतील बाष्प शोषून तो बरणीतच विरून गेलेला असतो. काही भागाने हवेतील कार्बन डायऑक्साइडही घेतलेला असतो. प्रयोग फसत नाही, तो फक्त बरणीत आधीच होऊन गेलेला असतो. अशा वेळी ‘उष्णता बाहेर पडली’ असे वहीत लिहिणारा विद्यार्थी पाठांतर लिहितो. ‘चुना गरम झाला नाही, खड्याऐवजी आधीपासूनच भुकटी होती’ असे लिहिणारा निरीक्षण लिहितो. आणि त्याच्यासमोर एक खरा प्रश्न उभा राहतो : का?

याच विरलेल्या चुन्याची निवळी घेऊन तीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. फुंकत राहिले तर पुन्हा स्वच्छ होते. आधी न विरघळणारे कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते, नंतर त्याचे विरघळणारे कॅल्शिअम बायकार्बोनेट होते. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या चुन्याच्या भिंती याच तत्त्वावर घट्ट होत गेल्या. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. ही अभिक्रिया चारपैकी कोणत्या खणात टाकायची? दोन पदार्थांपासून कॅल्शिअम कार्बोनेट आणि पाणी असे दोन पदार्थ होतात. तो निव्वळ संयोग नाही आणि आयनांची साधी अदलाबदलही नाही. सगळे निसर्गव्यवहार चार खणांत बसत नाहीत, हे इथेच कळते.

हिराकस तापवताना किती गोष्टी दिसतात?

फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. त्याचे फिकट हिरवे स्फटिक कोरड्या परीक्षानळीत घेऊन तापवायचे. वहीत सहसा एकच ओळ असते : ‘हिरवा रंग जाऊन तपकिरी झाला, उग्र वासाचा वायू आला.’ प्रत्यक्षात मात्र दोन टप्पे दिसतात.

पहिल्या टप्प्यात नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि स्फटिकांचा हिरवा रंग जाऊन पदार्थ पांढुरका होतो. हिराकसाच्या स्फटिकात प्रत्येक फेरस सल्फेटमागे पाण्याचे ७ रेणू असतात. हे ते स्फटिकजल. दुसऱ्या टप्प्यात, आच वाढवल्यावर, पांढुरका पदार्थ तांबूस तपकिरी होतो. हे फेरिक ऑक्साइड. सोबत सल्फर डायऑक्साइड आणि सल्फर ट्रायऑक्साइड हे वायू बाहेर पडतात. एका पदार्थाचे तीन झाले, म्हणून अपघटन.

वायू सल्फर डायऑक्साइडच आहे हे नाकाने ठरवायचे नसते. आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी नळीच्या तोंडाशी धरली की तिचा नारिंगी रंग हिरवा होतो. वास घ्यायचाच असेल तर नळी नाकाखाली न नेता हाताने हवा हलकेच आपल्याकडे ओढायची. दमा असलेल्या मुलांनी हा प्रयोग लांबूनच पाहावा.

इथेही जुनी बरणी दगा देते. हवेत राहिलेला हिराकस आधीच पिवळट-तपकिरी झालेला असतो. त्यातल्या लोहाचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण झालेले असते. म्हणून तापवण्याआधीचा रंग लिहिणे हेही निरीक्षणच आहे.

खिळ्याच्या प्रयोगात ‘हिरवा’ रंग का दिसत नाही?

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा टाकायचा. पंधरा-वीस मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिका होतो. लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील असल्याने ते द्रावणातील तांब्याची जागा घेते. ही विस्थापन अभिक्रिया.

वहीत ‘द्रावण हिरवे झाले’ असे लिहायची पद्धत आहे. पण विरल फेरस सल्फेटचा हिरवा रंग इतका फिका असतो की अनेकदा द्रावण जवळजवळ रंगहीन वाटते. तसे दिसले तर तसेच लिहावे. बदल खरोखर झाला हे दाखवण्यासाठी एक खिळा आणि थोडे मूळ द्रावण तुलनेसाठी बाजूला ठेवणे हा साधा पण फार महत्त्वाचा नियम आहे. तुलनेशिवाय ‘फिका झाला’ या शब्दांना अर्थ नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला खिळा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर निकाल बदलतो. खाऱ्या, दमट हवेमुळे किनारपट्टीवर असे खिळे आणि स्क्रू सर्रास वापरले जातात. मग आधी जस्तच तांब्याला बाहेर काढते. थर काळपट दिसतो आणि द्रावणाला हिरवट झाक येत नाही. ‘चुकीचा’ वाटणारा हा निकाल खरे तर धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीतील एक जास्तीचा धडा आहे.

उलटा प्रयोगही करून पाहावा : हिराकसाच्या द्रावणात तांब्याची तार. काहीच घडत नाही. ‘काहीच घडले नाही’ हेदेखील पूर्ण गुणांचे निरीक्षण आहे. विस्थापन एकाच दिशेने होते हे त्याच्याशिवाय कळत नाही.

शाळेबाहेर याचे मोठे रूप रेल्वेमार्गावर दिसते. रुळांचे तुकडे जागेवरच जोडण्यासाठी ॲल्युमिनिअमची पूड आणि लोहाचे ऑक्साइड यांची अभिक्रिया घडवतात. ॲल्युमिनिअम लोहाला ऑक्साइडमधून बाहेर काढते, तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि वितळलेले लोखंड दोन रुळांमधील फटीत उतरते. परीक्षानळीतला खिळा आणि हा रूळ एकाच खणात बसतात.

पांढरा अवक्षेप : विषही तेच, औषधही तेच?

सोडियम सल्फेट आणि बेरियम क्लोराइड ही दोन्ही द्रावणे पाण्यासारखी स्वच्छ असतात. मिसळताच नळीत दाट पांढरा अवक्षेप येतो. बेरियम आणि सल्फेट यांची जोडी जमून न विरघळणारे बेरियम सल्फेट तयार होते. सोडियम आणि क्लोराइडचे आयन द्रावणातच राहतात. ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया.

यात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. बेरियम क्लोराइड विषारी आहे, कारण ते विरघळते आणि शरीरात शोषले जाते. पण पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला जे ‘बेरियम’ प्यायला देतात ते बेरियम सल्फेट असते. ते विरघळत नाही, म्हणून शरीरात न मुरता तसेच बाहेर पडते. मूलद्रव्य तेच, जोडीदार बदलला की परिणाम बदलला.

शाळेत विषारी पदार्थ टाळायचा असेल तर कॅल्शिअम क्लोराइड आणि धुण्याचा सोडा यांची द्रावणे मिसळावीत. कॅल्शिअम कार्बोनेटचा पांढरा अवक्षेप तितकाच स्पष्ट दिसतो आणि प्रकारही तोच राहतो.

गणेशमूर्तीच्या विसर्जनाशी याचा काय संबंध?

दुहेरी विस्थापनाचे महाराष्ट्रातले सर्वात परिचित उदाहरण प्रयोगशाळेत नाही, बादलीत आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक उपाय सुचवला आणि पुणे महापालिकेने घरगुती विसर्जनासाठी अमोनिअम बायकार्बोनेटचे वाटप सुरू केले.

या द्रावणात मूर्ती बुडवली की कॅल्शिअम सल्फेट आणि अमोनिअम बायकार्बोनेट यांची अदलाबदल होते. तळाशी कॅल्शिअम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो, द्रावणात अमोनिअम सल्फेट उरते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. अमोनिअम सल्फेट हे खत असल्याने ते द्रावण भरपूर पाणी घालून झाडांना देता येते. ‘मूर्ती विरघळली’ असे आपण म्हणतो. नेमके सांगायचे तर ती विरघळत नाही, तिचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते. निरीक्षण आणि अर्थ यांतला फरक इतका बारीक असतो.

मूर्ती घडतानाची अभिक्रियाही पाहण्यासारखी. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी मिसळले की ते काही मिनिटांत घट्ट होते आणि हाताला कोमट लागते. पावडर पाणी धरून जिप्सम बनते. हा संयोग. म्हणजे एकाच मूर्तीच्या प्रवासात दोन प्रकार येतात : साच्यात संयोग आणि बादलीत दुहेरी विस्थापन.

एक अभिक्रिया दोन खणांत बसते का?

बसते, आणि परीक्षेत बहुतेक गोंधळ येथेच होतो. ‘संयोग की उष्मादायी?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. जणू दोघांतून एकच निवडायचे आहे. प्रत्यक्षात ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

पहिला प्रश्न : घटकांची मांडणी कशी बदलली? उत्तर : संयोग, अपघटन, विस्थापन किंवा दुहेरी विस्थापन.

दुसरा प्रश्न : उष्णता बाहेर आली की आत घेतली गेली? उत्तर : उष्मादायी किंवा उष्माग्राही.

तिसरा प्रश्न : इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण झाली का? झाली असेल तर एकाचे ऑक्सिडीकरण आणि दुसऱ्याचे क्षपण होते. ही रेडॉक्स अभिक्रिया.

आता वरचे चार प्रयोग पुन्हा पाहा. चुना आणि पाणी : संयोग, उष्मादायी, पण रेडॉक्स नाही. हिराकस तापवणे : अपघटन, उष्माग्राही आणि रेडॉक्सही, कारण लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि गंधकाच्या काही भागाचे क्षपण होते. खिळा आणि मोरचूद : विस्थापन आणि रेडॉक्स. बेरियम सल्फेटचा अवक्षेप : दुहेरी विस्थापन, रेडॉक्स नाही.

यातून आणखी एक गोष्ट कळते. एका चिन्हावरून प्रकार ठरत नाही. नळी तापली म्हणजे संयोगच असे नाही, कारण रुळांचे विस्थापनही प्रचंड तापते. पांढरा अवक्षेप आला म्हणजे दुहेरी विस्थापनच असेही नाही, कारण फुंकर मारल्यावर चुन्याची निवळीही दुधाळ होते. चिन्ह सांगते की ‘काहीतरी घडले’. काय घडले ते ठरवण्यासाठी सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ ओळखावे लागतात.

तपकिरी वायूपासून रॉकेटपर्यंत?

सीबीएसईच्या पाठ्यपुस्तकात लेड नायट्रेट तापवण्याची कृती आहे. चटचट आवाज होतो आणि तपकिरी वायू निघतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड. शिसे आणि हा वायू दोन्ही विषारी असल्याने ही कृती विद्यार्थ्यांच्या हाती न देता शिक्षकांनीच धूर ओढून घेणाऱ्या कपाटात दाखवावी किंवा तिची चित्रफीत पाहावी.

हा वायू बंद नळीत भरून ती बर्फात ठेवली की तपकिरी रंग फिका पडतो. गरम पाण्यात ठेवली की पुन्हा गडद होतो. थंडीत नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू जोडीने राहतात आणि रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनते. उष्णतेने जोडी तुटते. जाताना संयोग, येताना अपघटन. एकाच नळीत दोन्ही दिशा.

कोनच्या वाचकाला हे नाव परके वाटू नये. रसायनीच्या एचओसी कारखान्यात हेच डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होत असे आणि ते भारतीय अंतराळ संशोधन संस्थेला, म्हणजे इस्रोला पुरवले जाई. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीतील तोट्यातील प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हा एक प्रकल्प मात्र वगळून तो इस्रोकडे सोपवण्याचे ठरले. कारण पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातील ‘विकास’ इंजिनात ऑक्सिजन पुरवण्याचे काम हेच द्रव्य करते. इंधनाशी संपर्क येताच ठिणगीशिवाय पेट घेतला जातो. दहावीच्या भाषेत सांगायचे तर ती अतिशय वेगवान, उष्मादायी रेडॉक्स अभिक्रिया आहे. वर्गात शिकवलेले तीन शब्द, आणि त्यांचा एक पत्ता गावाशेजारचा.

टँकरवरील चिन्हेही वर्गीकरणच?

होय. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार घातक रसायने वाहून नेणाऱ्या वाहनांवर धोक्याचा वर्ग दाखवणारे चौकोनी, कोनावर उभे असलेले चिन्ह आणि आपत्कालीन माहितीची पाटी लावणे बंधनकारक आहे. पदार्थ ‘कोणता’ यापेक्षा तो ‘कसा वागतो’ यावर हे वर्ग ठरतात.

निळ्या चौकटीवर ज्वाला : पाण्याशी संपर्क आला तर ज्वलनशील वायू सोडणारा पदार्थ. पिवळ्या चौकटीवर वर्तुळावरची ज्वाला : ऑक्सिडीकरण करणारा पदार्थ, म्हणजे दुसऱ्याचे जळणे भडकवणारा. पांढऱ्या-काळ्या चौकटीत नळीतून हातावर व धातूवर सांडणारे थेंब : संक्षारक, म्हणजे कातडी आणि धातू खाणारा.

गळती दिसली की ‘पाणी मारा’ असे पटकन म्हटले जाते. पण चुन्याच्या प्रयोगाने शिकवलेले असते की काही पदार्थ पाण्यानेच तापतात. भोपाळमध्ये २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि उष्मादायी अभिक्रिया हाताबाहेर गेली. म्हणून सामान्य माणसाने अशा ठिकाणी करायच्या गोष्टी तीनच : वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दूर जाणे, गर्दी न करणे आणि ११२ वर कळवताना पाटीवरील माहिती, वायूचा रंग व दिशा नेमकी सांगणे. तिसरी गोष्ट म्हणजे निरीक्षणच.

प्रयोग करताना कोणती काळजी घ्यावी?

डोळ्यांना चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. खायच्या चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना इजा होण्याचे प्रकार नेत्रतज्ज्ञांना परिचित आहेत. असे झाल्यास डोळा न चोळता किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.

तापवताना नळीचे तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे नको. नळी स्थिर न धरता ज्योतीवर हलवत राहावी. रसायने कमीत कमी घ्यावीत, कारण रंग आणि अवक्षेप काही थेंबांतही दिसतात आणि खर्चही वाचतो. बेरियम, शिसे, तांबे असलेली द्रावणे बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवावीत. बरणीवर उघडल्याची तारीख लिहिली तर विरलेल्या चुन्याचे आणि तपकिरी हिराकसाचे कोडेही सुटते.

वही कशी लिहावी?

राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञानाच्या दोन भागांच्या लेखी परीक्षेला प्रत्येकी ४० आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात. हे २० गुण बहुतेकांना मिळतात. म्हणूनच तो रकाना कसा भरला जातो, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

यावर एक सोपा मार्ग आहे. निरीक्षणाचे तीन भाग करावेत. ‘काय दिसले’ : फक्त डोळे, कान, थर्मामीटर यांनी टिपलेले. ‘काय तपासले’ : लिटमस, डायक्रोमेटची पट्टी, तुलनेचा खिळा. ‘म्हणून काय’ : पदार्थांची नावे, शब्दांतले समीकरण आणि शेवटी प्रकार. पहिला भाग प्रयोग चालू असतानाच, पेनाने आणि खाडाखोड न करता लिहायचा. नाव सगळ्यात शेवटी.

शिक्षकांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. अपेक्षेप्रमाणे न आलेल्या निकालालाही पूर्ण गुण देणे. ‘आज चुना तापला नाही’, ‘द्रावण हिरवे झाले नाही’, ‘थर काळा आला’ ही वाक्ये ज्या वहीत सापडतील त्या वहीच्या मालकाने प्रयोग खरोखर केला आहे. उद्या तोच विद्यार्थी कोन-सावळे रस्त्यालगतच्या एखाद्या कारखान्यात पाळीवर असेल आणि मापकावरचा आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा दिसेल, तेव्हा त्याने कालच्या पाळीचा आकडा उतरवून चालणार नाही. समोर दिसतो तोच लिहावा लागेल.